निकेलचा बंपर

आप्पा व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतात तेव्हा खाली काही लिहीत नाहीत. मी पुण्यात एका मीटिंगमध्ये म्यूटवर बसलो होतो, आणि स्क्रीनवर आमच्या ट्रकचा बंपर आला. डाव्या बाजूला ब्रॅकेटपासून वर गेलेली चीर, तिच्या कडेनं सोललेलं निकेल, आणि त्या चकचकीत पत्र्यात फोन धरून उभे असलेले खुद्द आप्पा, आडवे पसरलेले. मीटिंग सोडून फोन केला.

"लागलं का कुणाला?"

"बंपरला लागलंय."

साखर कारखान्यावर वजनकाट्याच्या रांगेत पुढचा ट्रॅक्टर चढाला मागं सरकला होता आणि ट्रॉलीचा लोखंडी कोपरा बंपरवर बसला होता. वेग म्हणाल तर माणसाच्या चालीचा. नवा साधा, रंग मारलेला बंपर तयार मिळतो. मी तेच सुचवलं. पलीकडून काही उत्तर आलं नाही, म्हणजे उत्तर आलं. शनिवारी सकाळी मी कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका गल्लीत, मिस्त्रींच्या शेडमध्ये, त्या बंपरचं एक टोक धरून उभा होतो.

या बंपरचं आमच्या घरात एक स्थान आहे. मी चौथीत असताना आप्पांनी तो ३ एमएमच्या पत्र्यातून वाकवून घेतला आणि वर निकेल करून घेतलं. पुढं ट्रक विकला, दुसरा घेतला. बंपर मात्र जुन्याचा काढून नव्याला लावला. दसऱ्याला झेंडूचा हार आधी बंपरला, मग स्टेअरिंगला. लहानपणी मी त्याच्यासमोर उभा राहून बुटका आणि रुंद व्हायचो, बहीण जवळ जाऊन नाक मोठं करायची. आई म्हणायची, घरातल्या आरशाला तडा गेलाय तो बदलायला पैसे नाहीत, आणि ट्रकला आरसा.

आमच्याकडं सगळे 'निकेल' म्हणतात, पण वर जे चकाकतं ते क्रोमियम. आधी तांबं, त्यावर निकेल, आणि सगळ्यात वर क्रोमियमचा थर. हा वरचा थर बहुतेक वेळा अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो. डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे एका केसाच्या जाडीत असे शंभरावर थर मावतील. गंजापासून वाचवायचं खरं काम निकेल करतं. पण नुसतं निकेल किंचित पिवळसर दिसतं आणि दिवस गेले की मंद होतं. तो जरा निळसर, थंड झगमगाट क्रोमियमचा. तेव्हा लोक 'निकेल' म्हणतात ते अगदीच चूक नाही. नाव कष्ट करणाऱ्याचं घेतात, एवढंच.

बंपरला निकेल करायला नेला तेव्हा मी आप्पांबरोबर गेलो होतो. अंधारी जागा, ओळीनं टाक्या, शेवटच्या टाकीतलं पाणी गडद केशरी-तपकिरी, आणि हवेत घशाला चावणारं काहीतरी. बंपर साखळीला टांगून आत सोडला तेव्हा त्या टाकीवर सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे आले. मला ते फार आवडलं. मी वाकून बघत होतो, तर तिथल्या एका कामगारानं मला खांद्याला धरून मागं ओढलं. त्याचा आवाज नाकातून शिट्टी वाजल्यासारखा यायचा. बहिणीला हसवायला मी कित्येक दिवस त्याची नक्कल करत होतो.

ती टाकी क्रोमिक आम्लाची. क्रोमचा मुलामा चढवताना वीज फार वाया जाते, त्यातून हायड्रोजनचे बुडबुडे उठतात, आणि ते फुटताना आम्लाचं बारीक तुषार हवेत उडतं. त्यातलं क्रोमियम 'हेक्साव्हॅलंट' म्हणजे सहा संयुजेचं असतं, आणि ते कर्करोगकारक आहे. ज्यूलिया रॉबर्ट्सचा 'एरिन ब्रोकोविच' पाहिला असेल तर पाण्यात सापडलेलं ते हेच. अशा टाक्यांवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांच्या नाकातल्या पडद्याला भोक पडतं, हे वैद्यकाच्या पुस्तकांत जुनंच नोंदलेलं आहे. भोक लहान असेल तर श्वास घेताना शिट्टी वाजते. हे मी मिस्त्रींकडं जायच्या आदल्या रात्री, बसमध्ये, फोनवर वाचलं. त्या कामगाराला काय झालं होतं ते मला माहीत नाही, कदाचित साधी सर्दीही असेल. पण ती नक्कल मला अजून करता येते.

वाचायला बसलो होतो ते वेगळंच. निकेल केलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करताना काय काळजी घ्यावी, एवढंच शोधत होतो. मी मेकॅनिकलचा इंजिनियर. म्हणजे चार वर्षं मेकॅनिकल शिकलो आणि पहिल्या दिवसापासून सॉफ्टवेअरमध्ये आहे. वर्कशॉपच्या प्रॅक्टिकलला माझा रॉड जॉबला चिकटला होता आणि सरांनी लाथ मारून सोडवला होता. एवढ्या भांडवलावर मी तीस वर्षं रॉड लावणाऱ्या माणसाला सांगायला निघालो होतो.

वाचलं ते असं. बंपरवर बसलेलं क्रोमियम धातूच्या रूपात असतं, हात लावला तर काही होत नाही. पण वेल्डिंगच्या ठिणगीत तापून ते हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतं आणि त्यातलं काही त्या सहा संयुजेच्या रूपात धुरात जातं. खालच्या निकेलचा धूरही चांगला नाही. अमेरिकेत कामाच्या जागी हेक्साव्हॅलंट क्रोमियमची मर्यादा आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. आणि २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं वेल्डिंगचा धूर, कुठलाही, थेट पहिल्या गटात टाकला. सिगारेटचा धूर ज्या गटात आहे त्याच.

मी बॅगेतून कोविडच्या वेळचे उरलेले एन-९५ मास्क काढले.

"मिस्त्री, हे निकेलवर थेट वेल्डिंग नको हां. धूर विषारी असतो."

मिस्त्रींनी मास्ककडं पाहिलं, मग आप्पांकडं. "निकेलवर रॉड धरतोय कुठं, इंजिनेर? फसफसतंय नुसतं. घासल्याबिगर टाका बसत न्हाई." आणि ग्राइंडर उचलला.

म्हणजे मी रात्रभर वाचून जे आणलं होतं ते त्यांना हाताला माहीत होतं, कारण मात्र वेगळं. तांबं वितळलेल्या पोलादात मिसळलं तर ते पोलादाच्या कणांच्या फटींत शिरतं आणि गार होताना वेल्ड तडकतो. चीर जोडायला गेलात तर शेजारी नवी चीर. मिस्त्री एवढंच म्हणतात की 'धरत न्हाई'.

घासणं मात्र बघण्यासारखं होतं. पहिल्या क्षणाला ठिणग्या जवळजवळ नाहीतच, आखूड, मळकट नारिंगी. मग एकदम लांब पांढऱ्या-पिवळ्या पिचकाऱ्या. पोलाद लागलं. थांबून पाहिलं तर घासलेल्या जागेच्या कडेला कांद्याच्या पाकळ्यांसारख्या रेघा दिसत होत्या. बाहेर निळसर, आत पिवळसर, मग तांब्याचा एक लालसर दोरा, मग करडं लोखंड. वीस वर्षांचा मान नखाएवढ्या रुंदीत.

चीर कुठून सुरू झाली तेही तेव्हाच कळलं. दुसऱ्या ट्रकवर बसवताना ब्रॅकेटची भोकं जुळेनात म्हणून कुणीतरी ड्रिलऐवजी गॅसकटरनं भोक पाडलं होतं. त्याची कड कुरतडल्यासारखी होती. चीर अगदी तिथूनच निघाली होती, आणि तिचा खालचा अर्धा भाग गंजून काळा पडला होता. म्हणजे ट्रॉलीनं फक्त शेवटचा धक्का दिला. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी ती आधीच कित्येक महिने वर चढत होती, आणि वरून निकेल शाबूत होतं म्हणून कुणाला दिसली नाही. "कुणी पाडलं हे भोक?" मी विचारलं. आप्पा चहा सांगायला बाहेर गेले. मिस्त्री ग्राइंडरची डिस्क बदलायला लागले.

खरं भांडण पुढं झालं. आप्पांना आतून चॅनेल हवं होतं. पंच्याहत्तर-चाळीसचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ. "परत कुणी धडकला तर त्याचं त्यानं बघावं." मला ते नको होतं. मी फोनवरच गणित करून दाखवलं. भरलेला ट्रक १६ टनांचा धरा, वेग ताशी १० किलोमीटर. अंगातली ऊर्जा साधारण ६२ हजार ज्यूल. हा ट्रक १० सेंटिमीटरमध्ये थांबला तर सरासरी जोर सहा लाख न्यूटनच्या वर, म्हणजे ६३ टन. ५ सेंटिमीटरमध्ये थांबला तर १२६ टन. पत्रा जेवढा वाकेल तेवढं अंतर मिळतं. चॅनेल मारून ते अंतर काढून घेतलं की तेवढा जोर एकतर मागं चासीत जाणार, नाहीतर पुढं जो असेल त्याच्यात. आणि ३ एमएमचा पत्रा काही ६२ हजार ज्यूल पिणार नाही, हे मलाही कळत होतं. पण पुढं बहुतेक वेळा ट्रॉली नसते, मोटरसायकल असते. डिसेंबर २०१७मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना कळवलं होतं की गाड्यांना पुढं बसवलेले क्रॅश गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२च्या विरोधात आहेत. त्यातही पायी चालणाऱ्यांचा धोका हे एक कारण होतं. आमच्या कामातही, मी म्हटलं, एखादा भाग मुद्दाम आधी पडेल असा ठेवतात, म्हणजे सगळं पडत नाही.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. हे वाईट लक्षण असतं.

"ट्रकात कुठं बसतो रं मी?"

मला प्रश्न कळला नाही.

"जुन्या ट्रकाला पुढं नाक होतं. इंजिन पुढं, माणूस मागं. ह्याला नाक हाय? माझं गुडघं कुठं असत्यात?"

आप्पांच्या बरोबरीचे एक ड्रायव्हर होते. आमच्या घरी यायचे, मला त्यांच्या कुबड्यांची भीती वाटायची. त्यांना अपघात झाला होता एवढंच मला माहीत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा आप्पांनी सांगितलं. रात्री थांबलेल्या ट्रकला मागून धडक. वेग फार नव्हता, पण सपाट तोंडाचा ट्रक, पुढं पत्रा, पत्र्यामागं थेट पाय. गॅसकटर येईपर्यंत दोन तास ते तसेच आत अडकून होते, आणि आप्पा दारातून हात घालून त्यांचा हात धरून बसले होते. त्यांच्याशी काय बोललो ते आठवत नाही, म्हणाले. मी चौथीत होतो. म्हणजे पुढच्याच महिन्यात हा बंपर झाला.

मी इतकी वर्षं त्याला हौस समजत होतो. हौसही होतीच, नाहीतर निकेल कशाला.

"आणि पुढं कोण हाय ह्याचा विचार मी करत न्हाई व्हय? तीस वर्षं ब्रेकवरच पाय हाय माझा."

यावर माझ्याकडं काही गणित नव्हतं. खरं तर थांबलेल्या ट्रकवर आदळल्यावर तीन इंची चॅनेलनं पाय वाचले असते का, हे मी हिशेब करून सांगू शकलो असतो, आणि उत्तर बहुतेक 'नाही' असंच आलं असतं, कारण दुसऱ्याच्या ट्रकचा हौदा बंपरच्या वरच्या उंचीवर असतो. तो थेट काचेखालच्या पत्र्यावर बसतो. म्हणून तर ट्रकला मागं खालपर्यंत आडवा दांडा लावायचा नियम आहे, की मागचा आत घुसू नये. पण हे बोलायची ती वेळ नव्हती. काही आकडे खिशातच ठेवावे लागतात.

प्रश्न मिस्त्रींनी सोडवला, आणि तोही आमच्यापैकी कुणाचीही बाजू न घेता. "आखखं चॅनेल मारलं तर पीळ पडंल, आप्पा. एवढी लांब शिलाई, पत्रा ओढला जातोय. मग बसवायला ब्रॅकेटच जुळायची न्हाईत, आणि परत भोकं पाडत बसा." 'परत भोकं' म्हणताना त्यांनी आप्पांकडं पाहिलं नाही. "दोन तुकडं मारू. ब्रॅकेटच्या हिकडं एक, तिकडं एक. मधलं मोकळं."

आप्पा म्हणाले, "तसं करा." जे मी अर्धा तास सांगत होतो ते दोन मिनिटांत झालं.

मग काम सुरू झालं आणि कुणी कुणाशी बोललं नाही. चिरेच्या वरच्या टोकाला पंच मारून एक भोक पाडलं, म्हणजे चीर त्याच्यापुढं जात नाही. टोकदार चिरेला गोल भोक मिळालं की तिचा जोर पसरतो. चिरेला दोन्ही बाजूंनी उतार देऊन नाली केली. गॅसकटरचं ते कुप्रसिद्ध भोक पार भरून टाकलं, नवं ड्रिलनं पाडायचं ठरलं. चॅनेलचे तुकडे मिस्त्रींनी सरळ न कापता टोकांना तिरके कापले. का, विचारलं. "सरळ कापलं की तिथनंच चिरतंय." स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन या विषयावर मी तिसऱ्या सेमिस्टरला सात मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. त्यात हे एक वाक्य नव्हतं.

बंपरची आतली बाजू जवळजवळ बिननिकेलचीच होती, क्रोम खोलगट जागी नीट चढत नाही. तिथं गंज काढला की लोखंड तयार. पण आतून रॉड लावला तरी उष्णता पत्र्यातून बाहेर येते आणि समोरचं निकेल निळं पडतं. म्हणून समोरच्या अंगाला ओलं गोणपाट. ते धरायचं काम माझं. बारा नंबरचा रॉड, बोटभर शिलाई, मग तळहाताएवढी जागा सोडून पुढची, मग उलट्या बाजूला जाऊन तिथली. एका जागी उष्णता साचू द्यायची नाही. टेबलफॅन आडवा लावला होता, की धूर मिस्त्रींच्या तोंडावरून न जाता बाजूला जावा. हे माझं एकमेव योगदान. मास्क त्यांनी दहा मिनिटं लावला. मग चष्म्यावर वाफ धरायला लागली तेव्हा गळ्यात ओढला. पुढं तो दिवसभर गळ्यातच होता.

मधल्या सुट्टीत त्यांनी डब्यातून गुळाचा खडा काढला. एक मला, एक आप्पांना, एक स्वतःला. "धूर घशाला लागत न्हाई ह्यानं." गुळानं घसा बरा वाटतो खरा, पण फुप्फुसात गेलेलं क्रोमियम त्याला भीत नाही. मी खाल्ला. आमच्याच भागातला होता, चांगला होता.

तेव्हा शेडमध्ये नीट नजर फिरवली. भिंतीला टेकवून जिन्याची रेलिंग, गॅलरीची रेलिंग, एक मोठं गेट. सगळं स्टेनलेस स्टीलचं. मी आदल्या रात्री वाचलेलं सगळं एकदम उलटं फिरलं. बंपरवरचा क्रोम अर्धा मायक्रॉन, तोही घासून काढलेला. स्टेनलेसमध्ये जागोजाग क्रोमियम, नेहमीच्या ३०४ ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के, आणि ते घासून काढायचं तर गेटच उरणार नाही. त्यावर स्टेनलेसचा रॉड लावला की त्या धुरात हेक्साव्हॅलंट क्रोमियम साध्या लोखंडी वेल्डिंगपेक्षा कितीतरी जास्त असतं.

"मिस्त्री, हे स्टेनलेसचं काम किती असतं तुमच्याकडं?"

"आता सगळं तेच की. लोखंडी गेट कोण करतंय? गंजतंय, रंग लावाय लागतोय. तुमचं घरचं न्हवं का केलं गेल्या साली?"

केलं होतं. गॅलरीची रेलिंग. मीच पुण्याहून पैसे पाठवले होते, डिझाइनही मीच निवडलं होतं, आणि फोटो आला तेव्हा वर अंगठा टाकला होता. मिस्त्री ते चार दिवस आमच्या गॅलरीत बसून करत होते. आई त्यांना चहा देत होती. त्या वेळी मी कुठलाही धूर शोधला नव्हता.

मी विचारलं, दवाखान्यात दाखवलंय का कधी, छातीचा फोटो वगैरे. ते म्हणाले, खोकला हाय पावसाळ्यात, तेवढाच. मग म्हणाले, पोरगं आयटीआयला हाय, फिटरला. वेल्डरला घातलं न्हाई. एवढं बोलून त्यांनी होल्डरमध्ये नवा रॉड बसवला.

पुण्याला परत आल्यावर मी त्यांना दोन कॅनिस्टर लावायचा रबरी रेस्पिरेटर पाठवला, जो चष्म्याखाली नीट बसतो. मिळाला, म्हणाले. वापरता का, विचारलं तर म्हणाले, बघतो. गेल्या वेळी गेलो तेव्हा तो खिळ्याला टांगलेला होता. पट्ट्यावर काळं होतं, म्हणजे कधीतरी लागला असावा, नाहीतर शेडमध्ये सगळ्यावरच बसतं तसं काळं बसलं असेल.

बंपर संध्याकाळी बसवला. गोणपाट धरताना माझा हात एकदा सरकला होता, तिथं समोर हाताच्या पंजाएवढा डाग आला आहे. मध्ये निळा, कडेनं जांभळा, मग सोनेरी. चीर होती तिथं करडी घासलेली पट्टी. प्लेटिंगवाल्याकडं पुन्हा नेऊया का, मी विचारलं, मनातून ते 'नको' म्हणावेत असं वाटत होतं. आप्पांनी बसून डागावरून अंगठा फिरवला. मग केबिनमधून पांढऱ्या रिफ्लेक्टरच्या पट्टीचा रोल काढला, पासिंगला लागते ती. पट्टीवर घासल्याच्या जागेवरून डागापर्यंत एक तुकडा चिकटवला, नखानं बुडबुडे काढले, आणि मला म्हणाले, "पुढं जाऊन उभा ऱ्हा." लाइट लावल्यावर काय दिसतं ते त्यांना बघायचं होतं. मी डोळ्यांवर हात धरून ट्रकसमोर उभा राहिलो. निकेलमध्ये मी पुन्हा बुटका आणि रुंद होतो, आणि माझ्या पोटावरून एक पांढरी पट्टी गेली होती.

"दिसतीय का?" वरून आप्पा विचारत होते.

"दिसतीय," मी म्हटलं.